मच्छे, इळीरी

खानापूरच्या तहसीलसमोर, पत्र्याच्या शेडात
माझं टेबल, एक प्रिंटर आणि वाळत आलेलं शाईचं पॅड.
लोकांचे अर्ज भरते. पानाला पंधरा रुपये.
सगळ्या रकान्यांत मला आवडतो तो एकच :
ओळखीची खूण.
लोक बाह्या सरकवतात, बटण काढतात,
एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून टाळूवरची खोक दाखवली,
"बैलानं मारल्याली, लिवा."
मराठीत सांगतात, मी कन्नडात उतरवते :
एड केन्नेय मेले मच्चे.
डाव्या गालावर तीळ.

माझा स्वतःचा वरच्या ओठावर,
उडदाएवढा, त्यात एक ताठ केस.
लोक माझ्याशी बोलत नसत, त्याच्याशी बोलत.
एकेचाळीस वर्षं ऐकलं, भाग्याचा आहे, असू दे.
भाग्याची वाट बघितली मी.
आता बस झालं की.

पार्लरवाली मंजुळा म्हणाली, चुना न् धुण्याचा सोडा,
काडीनं टेकवते, तिसऱ्या दिवशी खपली, दोनशे दे.
आत्तेबहिणीचा गाल आठवला.
तिथं आता तीळ नाही.
तिथं चिंचोक्याएवढा चकाकता खड्डा आहे,
आणि ती प्रत्येक फोटोत उजवीकडे बघते.

बेळगावात, टिळकवाडीत, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर हुक्केरींनी दिवा जवळ ओढला, भिंग टेकवलं,
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग अर्धं कन्नड, अर्धं मराठी :
आधी केवढा होता? रंग बदलला? खाजतो?
रक्त आलं कधी? घरात कुणाला असलं काही?
मला थोडीच उत्तरं आली. कोण रोज
आपल्याच ओठावर पट्टी लावून बघतं?
"ह्याची बॉर्डर बघा," म्हणाल्या,
"ह्या बाजूला जरा वाकडी आहे."
मी हसले. कशाला ते त्यांना उशिरा कळलं,
मग त्याही हसल्या.

लेसरनं मिनिटात जातो म्हणतात, मी म्हटलं.
जातो की. जाळला की सगळाच जातो.
काय होता ते सांगायलाही मागं राहत नाही.
बहुतेक काही नसेल,
पण बहुतेकवर मी मशीन लावत नाही.
आधी कापूया, बाटलीत घालूया, तपासून येऊ दे.
व्रण राहील. ऊन लागू द्यायचं नाही.
खपलीला नख नाही.
आणि कान टोचले तेव्हा जखम फुगली होती का हो?
असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
मी केस मागं सारून दोन्ही कान दाखवले.

सुई टोचली तेवढीच कळली. मग नुसती ओढ. दोन टाके.
बाटलीत तो तळाला जाऊन बसला,
एवढासा, मिरीसुद्धा मोठी.
नर्सनं कन्नडात लेबल लिहिलं. माझं आडनाव घाडी, तिनं गाडी केलं.
बसल्या जागेवरून दुरुस्त करून घेतलं.
दुसऱ्याचा तीळ माझ्या नावावर नको,
माझा दुसऱ्याच्या नको.

परतीची बस. ओठावर पट्टी, तोंडावर पदर,
पर्समध्ये गोळ्या. रिपोर्ट दहा दिवसांनी.
उद्यमबाग गेली, पिरनवाडी गेली,
आणि कंडक्टर दारातून ओरडला :
"मच्छे! मच्छे! इळीरी!"
गावाचंच नाव ते. मला मात्र ऐकू आलं,
तिळा, तिळा, उतर बाबा.
ओठ हलवायचा नव्हता, टाक्यांना ताण नको.
तरी हसू आलंच, आणि दुखलं.

दोन बायका रिकाम्या बुट्ट्या घेऊन उतरल्या.
मी जागा बदलून बसले,
ऊन नसलेल्या खिडकीला.